आकडा प्रश्नातून येतो

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात १५ लाख ६९ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०११मध्ये ती संख्या २९ लाख ६३ हजार झाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याच दहा वर्षांत तमिळनाडूतला आकडा १६ लाख ४२ हजारांवरून ११ लाख ८० हजारांवर उतरला. या काळात महाराष्ट्रावर लाखो लोकांना अपंग करणारी साथ आली नव्हती आणि तमिळनाडूतले साडेचार लाख अपंग बरेही झाले नव्हते. मधल्या काळात बदललं होतं ते विचारणं. व्याख्या बदलल्या, प्रश्नाची मांडणी बदलली, प्रगणकांची तयारी बदलली. एवढ्याने एका राज्यात चौदा लाख माणसं वाढतात आणि दुसऱ्यात लाखो कमी होतात, हे ज्याच्या लक्षात आलं त्याने अपंगत्वाचा कुठलाही आकडा पाहिला की आधी एकच चौकशी करावी: दारात उभं राहून नेमकं काय विचारलं होतं? हे पुस्तक तीच चौकशी नेटाने करतं, म्हणून त्याची ओळख करून देणं मला अगत्याचं वाटतं.

देशाची बेरीज वरवर पाहता स्थिर दिसते. २००१मध्ये २ कोटी १९ लाख, २०११मध्ये २ कोटी ६८ लाख, लोकसंख्येच्या २.१३ टक्क्यांवरून २.२१ टक्के. पण बेरजेच्या आत शिरलं की सगळं हलताना दिसतं. २००१मध्ये दृष्टीचं अपंगत्व असलेले १ कोटी ६ लाख होते, ते २०११मध्ये ५० लाख उरले. ऐकण्याचं अपंगत्व असलेले साडेबारा लाखांच्या घरात होते, ते जवळपास ५१ लाख झाले. एक आकडा निम्म्यावर आला, दुसरा चौपट झाला आणि दोहोंची उलथापालथ बेरजेत झाकली गेली.

याचं कारण प्रगणकांच्या सूचनांमध्ये सापडतं. २००१च्या सूचनांनुसार एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूसही दृष्टीच्या रकान्यात मोजायचा होता. चष्मा लावूनही धूसर दिसणारा तर त्यात होताच. शिवाय ज्याला धूसर दिसतं पण चष्म्याने सुधारेल की नाही हे तपासण्याची वेळच आली नाही, असा माणूसही त्यात धरायचा होता. खेड्यापाड्यांतल्या किती पन्नाशीच्या शेतकऱ्यांनी, किती बायकांनी तोवर डोळे तपासून घेतले असतील? ज्याला साध्या चष्म्याची गरज होती तो अपंग ठरला. २०११मध्ये एका डोळ्याचा निकष काढून टाकला आणि आकडा कोसळला. कानाच्या बाबतीत नेमकं उलट झालं. २००१मध्ये श्रवणयंत्राने ऐकू येणाऱ्याला वगळलं होतं, २०११मध्ये त्याला आत घेतलं.

याच सुमारास तिसरी एक मोजणीही झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५८व्या फेरीत, जुलै ते डिसेंबर २००२ या काळात, कसोटी वेगळी होती: चांगल्या उजेडात, दोन्ही डोळे उघडे ठेवून, चष्मा असेल तर तो लावून, तीन मीटरवरच्या हाताची बोटं मोजता येतात का? येत नसतील तर दृष्टीचं अपंगत्व. या कसोटीला देशभरातून सुमारे २८ लाख लोक उतरले. देश तोच, मध्ये जेमतेम दीड वर्ष, आणि एकीकडे १ कोटी ६ लाख तर दुसरीकडे २८ लाख. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने आपापल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. पण आपण हे आकडे प्रश्नापासून तोडून घेतो, भाषणात वापरतो, अर्थसंकल्पाच्या टिपणात घालतो आणि त्यावर योजना बांधतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर आला आहे. १८७२च्या पहिल्या जनगणनेपासून १९३१पर्यंत इंग्रज सरकार 'व्यंगां'ची नोंद घेत होतं. वेड, बहिरे-मुकेपण, आंधळेपण आणि महारोग असे त्याचे चार प्रकार होते. लोक लपवतात, आकडे भरवशाचे नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १९४१पासून प्रश्नच गाळला गेला आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या तीन जनगणनांनीही तो विचारला नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष, म्हणून त्या वर्षी घरयादीच्या वेळी पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे आणि पूर्ण मुके एवढेच विचारले गेले. सापडले ११ लाख. त्याच वर्षीच्या नमुना पाहणीने १ कोटी २० लाख दाखवले. १९९१च्या जनगणनेत पुन्हा सामसूम. २००१मध्येही प्रश्न येणार नव्हता. जावेद आबिदी आणि त्यांच्याबरोबरचे अपंग हक्क कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, दिल्लीत पाठपुरावा केला, तेव्हा तो ऐनवेळी अनुसूचीत आला. आज आपण ज्या आकड्यांवर वाद घालतो, ते असे भांडून मिळवलेले आहेत, याचा विसर पडू नये.

आता दारातला प्रसंग पाहू. प्रगणक म्हणजे बहुतेक वेळा प्राथमिक शाळेतले गुरुजी किंवा बाई. शाळा सांभाळून हे काम करायचं, दिवसाला ठरावीक घरं उरकायची, ऊन वर आलेलं. दारात सून किंवा घरातला कर्ता पुरुष उभा. नाव, वय, शिक्षण, धंदा झाल्यावर प्रश्न येतो, आणि बरेचदा तो छापल्याप्रमाणे प्रत्येक माणसाबद्दल न विचारता एका दमात सगळ्या घराबद्दल येतो: 'घरात कुणी अपंग आहे का?' उत्तरही तयार असतं: 'नाही हो, तसं काही नाही.' आतल्या खोलीत तीस वर्षांचा मुलगा असतो, त्याला अजून कपडे घालून द्यावे लागतात. पण धाकटीचं लग्न जमत आलेलं असतं. ओसरीवर आजोबा बसलेले असतात, त्यांना दोन वर्षांपासून ओरडून सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही. पण ते 'अपंग' कसे? त्यांचं वय झालंय. मोठी जाऊ गुडघ्यांनी इतकी आखडली आहे की जमिनीवरून उठताना भिंत धरावी लागते. तिला कुणी अपंग म्हटलं तर ती स्वतःच रागावेल. तीन माणसं, तीन 'नाही', आणि गुरुजी पुढच्या दारात.

यात खोटेपणा शोधू नये. विचारणाराच एक शिक्का पुढे करतो आणि तुम्ही तो लावून घ्याल का असं विचारतो. जो शिक्का लावल्याने लग्न मोडू शकतं, भाड्याचं घर हातचं जाऊ शकतं आणि हाती लगेच काही पडत नाही, तो कुणी का लावून घ्यावा? २०११च्या आकड्यांत साठीच्या पुढच्या शंभरातली फक्त पाच माणसं अपंग म्हणून नोंदली आहेत. आपल्या सोसायटीत, वाड्यात, गल्लीत साठीपुढची शंभर माणसं डोळ्यांपुढे आणा आणि त्यांतली पाचच चालायला, ऐकायला, पाहायला अडतात का ते स्वतःच ठरवा. बायकांचंही असंच आहे. त्या मोजणीत अपंग पुरुष दीड कोटी आणि अपंग स्त्रिया १ कोटी १८ लाख निघाल्या. बाईचं अंधत्व, बाईचा वेडाचा झटका घराबाहेर कमी जातो. तिच्यासाठी दाखला काढायची धावपळही कमी होते. मानसिक आजाराचा आकडा तर पाहवत नाही. १२१ कोटींच्या देशात केवळ ७ लाख २३ हजार. चार-पाच वर्षांनी बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मानसिक आजारांचं प्रमाणच सुमारे ०.८ टक्के आढळलं. जनगणनेतलं प्रमाण त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे.

मग विचारायचं कसं? या पुस्तकाचा गाभा इथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१मध्ये देशोदेशींच्या सांख्यिकी कार्यालयांचा एक गट नेमला. पहिली बैठक वॉशिंग्टनला झाली म्हणून तो 'वॉशिंग्टन गट' या नावाने ओळखला जातो. या गटाने सहा प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का? चालताना किंवा पायऱ्या चढताना? आठवण ठेवताना किंवा लक्ष एकाग्र करताना? अंघोळ, कपडे अशा स्वतःच्या कामांत? आपलं म्हणणं दुसऱ्याला सांगताना किंवा दुसऱ्याचं समजून घेताना? प्रत्येकाला चार उत्तरं: काही अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. सहापैकी एकाही बाबतीत 'खूप अडचण' किंवा 'अजिबात जमत नाही' असं उत्तर आलं की ती व्यक्ती मोजणीत धरायची. संपूर्ण प्रश्नावलीत अपंग हा शब्दच नाही.

वर सांगितलेल्या घरात हे प्रश्न नेऊन पाहा. आजोबांबद्दल सून लगेच सांगेल, 'ऐकायचं म्हणाल तर खूपच अडचण.' जावेचा गुडघा पायऱ्यांच्या प्रश्नात येईल. आतल्या खोलीतल्या मुलाबद्दलही अंघोळ-कपड्यांच्या प्रश्नाला 'नाही, त्याला जमत नाही' असं उत्तर निघण्याची शक्यता कितीतरी जास्त, कारण यात घराची अब्रू पणाला लागत नाही. रोजच्या जगण्याबद्दल विचारलं की लोक रोजचं जगणं सांगतात.

या प्रश्नांनी सगळं सुटतं असं मात्र मी म्हणणार नाही, आणि पुस्तकही म्हणत नाही. नैराश्य, मनोविकार या सहा प्रश्नांच्या जाळीतून बऱ्याच अंशी निसटतात. लहान मुलांना ते लागू पडत नाहीत; दोन वर्षांचं मूल कपडे स्वतः घालत नाही म्हणून ते अपंग ठरत नाही. म्हणून दोन ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी युनिसेफच्या सोबतीने वेगळी प्रश्नावली करावी लागली. गडचिरोली किंवा नंदुरबारमधला सिकलसेलचा रुग्ण वेदनेचा झटका नसेल त्या दिवशी सगळ्या प्रश्नांना 'अडचण नाही' म्हणेल. आणि रेषा कुठे ओढायची हा प्रश्न तर राहतोच. ब्राझीलने २०१०च्या जनगणनेत 'थोडी अडचण' सांगणाऱ्यांनाही धरलं, तेव्हा देशातले जवळपास २४ टक्के लोक अपंग निघाले. नंतर त्याच माहितीला वॉशिंग्टन गटाची रेषा लावली, तेव्हा प्रमाण ६.७ टक्क्यांवर आलं.

मराठी वाचकाला हा रेषेचा वाद परका वाटू नये. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये उष्मांकांच्या आधारे देशातल्या दारिद्र्याची मोजणी मांडली. त्या धर्तीच्या मोजणीवर पां. वा. सुखात्मे यांनी पुढे हरकत घेतली: सरासरी गरज हीच रेषा धरली तर कमी खाऊनही निरोगी असलेली माणसं उपाशी ठरतात, कारण गरज माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. दांडेकरांनी त्याला उत्तर दिलं. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले. पण रेषा कुठे आणि का ओढली हे दोघांनीही उघड मांडलं, त्यामुळे पन्नास वर्षांनीही तो वाद वाचून काही शिकता येतं. अपंगत्वाच्या आकडेवारीला आपल्याकडे असा वाद लाभलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगातले सुमारे १६ टक्के लोक अपंग आहेत. जागतिक बँकेने २००७मध्ये भारतासाठी ४ ते ८ टक्के असा अंदाज दिला. आपली जनगणना आणि २०१८ची नमुना पाहणी २.२ टक्क्यांवर आहेत. ही तफावत कुठून येते यावर मराठीत किती लेख आले? या पुस्तकाचं स्वागत करण्याचं माझं एक कारण हेही आहे.

आणखी एक गुंता सोडवायला हवा. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा एकवीस प्रकार मानतो. त्याआधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होते. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याच्या जखमा आता कायद्यात आल्या, हे योग्यच झालं. पण कायद्याचा प्रकार डॉक्टर तपासून ठरवतात. सिव्हिल हॉस्पिटलला जायचं, कागद जोडायचे, तपासणीच्या दिवशी रांगेत थांबायचं, मग टक्के मिळतात. आपल्याकडे लोक एकमेकांना तसंच विचारतात, 'तुझे किती टक्के?' चाळीस टक्के भरले तर आरक्षणाचं, सवलतींचं दार उघडतं. हक्क देताना अशी पारख लागेल, हे मान्य. पण देशात अपंग किती हे ठरवायला दाखल्यांची यादी पुरेशी आहे असं जेव्हा अधिकारी म्हणतात, तेव्हा ठामपणे नाही म्हणायला हवं. २०१८च्या नमुना पाहणीत अपंग म्हणून नोंदलेल्यांपैकी केवळ २८.८ टक्के लोकांकडे दाखला होता. दाखल्याच्या यादीत ज्याला जिल्ह्याच्या गावी नेणारं कुणी आहे तो येतो. ज्याला नेणारं कुणीच नाही, त्याची गरज सर्वांत मोठी असते आणि नेमका तोच राहतो.

याची झळ गावापर्यंत पोहोचते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. कुणावर करायचे? दाखलाधारकांची जी यादी कार्यालयात असेल त्यावर. वर्षानुवर्षं तीच नावं, तीच कुबडी, तीच तीनचाकी. जिची दृष्टी हळूहळू जाते आहे अशी विधवा त्या यादीत येत नाही, आणि शाळेत न जाणारी मतिमंद मुलगीही नाही.

खरं म्हणजे एकूण किती, हा आकडेवारीचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. माझ्या मते खरा उपयोग तुलनेत आहे. २०१८च्या पाहणीनुसार सात वर्षांवरच्या अपंगांपैकी ५२.२ टक्के साक्षर होते आणि पंधरा वर्षांवरच्यांपैकी २३.८ टक्केच काम करत होते किंवा शोधत होते. हे आकडे बोचतात, कारण आपण मनातल्या मनात शेजारी इतरांचे आकडे ठेवतो. पण ही तुलना दरवर्षी, प्रत्येक राज्यात, स्त्री-पुरुषांची वेगळी करायची तर अपंगत्वासाठी दहा-पंधरा वर्षांतून एकदा खास फेरी काढून भागणार नाही. हे सहा प्रश्न रोजगाराच्या नियमित पाहणीत, कुटुंबखर्चाच्या पाहणीत, आरोग्याच्या पाहणीत घातले पाहिजेत. तेव्हा कळेल की नोकरीची दरी भरते आहे की रुंदावते आहे, दवाखान्याचा खर्च कुणाला कर्जात ढकलतो आहे, रोजगार हमीच्या कामावर कोण पोहोचतच नाही. सहा प्रश्नांना दीड-दोन मिनिटं लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अपंगत्वाबद्दल विचारलं होतं. सहाव्या फेरीत ते गाळलं गेलं. माझ्या लेखी ही मोठी चूक आहे, आणि ती दुरुस्त व्हायला हवी. भारताने २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं. त्या कराराचं ३१वं कलम आकडेवारी गोळा करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवतं. ती आकडेवारी कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

पुस्तकाची मांडणी विद्यार्थ्याला, कार्यकर्त्याला आणि तालुक्याच्या कचेरीत बसणाऱ्यालाही झेपेल अशी आहे. नमुना कसा निवडतात, चूक किती धरतात याची प्रकरणं अवघड वाटली तर ती मागे ठेवून प्रश्नावल्यांचं प्रकरण आधी वाचावं. तिथे १९८१पासूनच्या प्रत्येक मोजणीची शब्दरचना एकमेकींशेजारी मांडली आहे, आणि ती नुसती वाचत गेलं तरी सरकारच्या डोळ्यांपुढे अपंग माणूस कसा कसा उभा होता ते समजतं.

हे सगळं आत्ता वाचायचं कारणही हातातच आहे. सोळा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि माणसांची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत व्हायची आहे. या वेळी नोंद मोबाइलवर होईल, घरबसल्या स्वतःची माहिती भरण्याची सोयही असेल. ती भरणारा हात बहुधा घरातल्या एकाच शिकलेल्या माणसाचा असेल. तो हात तुमचा असेल, तर अपंगत्वाच्या प्रश्नापाशी घाईने 'नाही' दाबू नका. घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून नातवापर्यंत, दिसतं का, ऐकू येतं का, चालवतं का, लक्षात राहतं का, हे त्याच्याजवळ बसून विचारा आणि तो सांगेल तसं भरा. प्रगणक दारात आला आणि प्रश्न गाळून पुढे जाऊ लागला, तर त्याला थांबवा, पाणी द्या आणि प्रत्येकाबद्दल विचारायला लावा. गुरुजींना वेळ लागेल. लागू द्या.